आईचा फोन बंद आहे

"तुमच्या कामाबद्दल अंकासाठी काहीतरी लिहा," असा निरोप मंडळाकडून दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी टाळतो. दोह्यातले मोबाईलचे मनोरे बंद पडले की चालू करायचे, एवढंच माझं काम. बॅटऱ्या, जनरेटर, एसी, केबल. त्यात लिहिण्यासारखं काय? गणपतीत भेटणारी मंडळी मला 'नेटवर्कवाला' म्हणतात आणि आरती संपली की हमखास विचारतात, "अहो, आमच्या बेडरूममध्ये रेंज का येत नाही?" यंदा मात्र लिहितोय. निमित्त आईच्या फोनचं.

मी २००७ साली इथे आलो तेव्हा कतारमध्ये एकच फोन कंपनी होती, क्यूटेल. घरी बोलायचं म्हणजे कार्ड घ्यायचं, खरवडायचं, लांबलचक आकडे दाबायचे आणि मिनिटांकडे डोळे लावून बोलायचं. २००९ मध्ये व्होडाफोन आलं. २०१० मध्ये आपले सगळ्यांचे सात आकडी नंबर आठ आकडी झाले. २०१३ मध्ये क्यूटेलचं ऊरीडू झालं. मे २०१८ मध्ये त्यांनी फाइव्ह-जी सुरू केल्याचं जाहीर केलं, तेव्हा ते पकडणारे हँडसेटसुद्धा बाजारात आले नव्हते. एवढ्या सगळ्या काळात चिपळूणला माझ्या आईकडे मात्र बटणांचाच फोन राहिला.

तिची एक सवय होती. रात्री दहा वाजले की फोन बंद.

"अगं, रात्री-अपरात्री काही लागलं तर?" मी चिडायचो.

"तुला लागलं तर तू दोह्याहून येणार आहेस का? आणि त्यालाही विश्रांती नको?"

फोनला विश्रांती लागत नाही, हे मी तिला किती वेळा समजावलं असेल. दुसऱ्यांचे फोन लागावेत म्हणून उन्हात मनोऱ्यांवर चढणारा मी, आणि माझ्या आईचाच फोन बंद. मला त्याची लाज वाटायची म्हटलं तरी चालेल.

पुढचं कळण्यासाठी थोडं फोनचं शास्त्र सांगतो. कंटाळा आला तर सोडून द्या, पण बेडरूममधल्या रेंजचं उत्तरही त्यातच आहे.

फोन चालू केला की तो आधी ऐकतो. आसपासचे मनोरे सतत आपलं नाव पुकारत असतात. ज्याचा आवाज स्पष्ट येतो त्याला फोन धरतो. (जाड भिंती आणि चकाकी लावलेल्या काचा हा आवाज अडवतात. बेडरूमचं दुखणं बहुधा तेच.) मग नेटवर्क विचारतं, तू कोण? तुमच्या सिमकार्डात एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडी फक्त तुमच्या कंपनीकडे असते. नेटवर्क एक आकडा पाठवतं. सिम आपली किल्ली लावून त्याचं गणित करतं आणि उत्तर परत पाठवतं. उत्तर जुळलं की आत प्रवेश. दर वेळी प्रश्न वेगळा असतो आणि किल्ली स्वतः कधीच हवेतून जात नाही.

हे झालं की कंपनीच्या मुख्य वहीत नोंद होते, की हा नंबर सध्या अमुक भागात आहे. या वहीला आम्ही होम रजिस्टर म्हणतो. दुसऱ्या देशात गेलात तर तिथल्या नेटवर्ककडे पाहुण्यांची वेगळी वही असते. आपल्यापैकी अनेकांसारखं मीही भारतातलं सिम बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवलं आहे. ते चालू केलं की दोह्यातलं नेटवर्क भारतात विचारतं, "हा तुमचा का?" तिकडून "हो, आमचाच," असं उत्तर आलं, की इथल्या पाहुण्यांच्या वहीत नाव चढतं. तुम्ही-आम्हीही इथे तसेच, असं मी गमतीनं म्हणत असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. बटण दाबून फोन बंद केला तर तो जाता जाता नेटवर्कला "निघतो" असं सांगून जातो. वहीत तशी नोंद होते आणि फोन करणाऱ्याला ऐकू येतं, "बंद आहे." पण मनोराच अचानक गेला, तर फोनला निरोप घ्यायला सवड मिळत नाही. मग नेटवर्क त्याला हाका मारतं, उत्तर येत नाही आणि आपल्याला ऐकू येतं, "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." प्रत्येक कंपनीची वाक्यं थोडी वेगळी असतात, पण साधारण रीत ही.

२०२१ साली आषाढी एकादशी आणि इथली बकरी ईद एकाच दिवशी आली होती, २० जुलैला. मला ईदची ड्यूटी होती. २१ तारखेला, बुधवारी संध्याकाळी सातला मी आईला फोन केला. तिकडे साडेनऊ वाजले होते.

"पाऊस काय म्हणतोय?"

"पडतोय नुसता. वाशिष्ठी भरून चाललीय म्हणतात. काही नाही होत. खालचं सामान पलंगावर ठेवलंय."

"आज तरी फोन बंद करू नकोस."

"बरं," ती म्हणाली. कोणत्या 'बरं'चा अर्थ काय, हे मुलांना कळतं.

आमचं घर बाजारपेठेच्या मागे, कौलारू. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण आईनं भिंतीवर तशीच ठेवली आहे. सामान वर ठेवायचं ते त्या खुणेच्या वर, हा तिचा नियम. वडील गेल्यापासून ती एकटी राहते. शेजारी दोन मजली इमारत आहे आणि तिथल्या काकूंशी तिचं चांगलं जमतं. मी निर्धास्त असायचो तो या दोन आधारांवर.

गुरुवारी सकाळी सातला उठलो तर शाळेच्या ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडले होते. बाजारपेठेत दुकानांच्या पाट्यांपर्यंत पाणी. एसटी स्टँडवर गाड्यांचे फक्त टप दिसत होते. पहाटेच पाणी शिरलं होतं आणि ते २००५ च्या वर गेलं होतं.

आईचा फोन लावला. "बंद आहे." शेजारच्या काकूंचा लावला. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर." त्यांच्या मुलाचा, दुकानदाराचा, डॉक्टरांचा, सगळे क्षेत्राबाहेर. एकट्या आईचा बंद.

दुसरा कोणी असता तर त्याला दोन्ही वाक्यं सारखीच वाटली असती. मला त्यांतला फरक कळत होता आणि तोच छळत होता. काकूंचे फोन क्षेत्राबाहेर, म्हणजे त्यांचे मनोरे गेले. वीज गेली की मनोरा बॅटरीवर चालतो. साधारण चार ते आठ तासांची ती सोय. पुढे जनरेटर, पण तो जमिनीवर असतो. पाणी त्याच्यापर्यंत पोचलं की संपलं. हे सगळं मला पाठ होतं. आणि आईचा फोन बंद, म्हणजे तिनं काल रात्री दहाला नेहमीसारखं बटण दाबलं होतं. वहीत तेवढीच नोंद होती. त्यानंतर मनोरे गेले आणि वही तिथेच थांबली. दोह्यात बसून मी जे ऐकत होतो ती काल रात्री दहाची बातमी होती. पहाटे चारला काय झालं, हे त्या वहीला माहीत असायचं कारणच नव्हतं.

तरी मी फोन लावत राहिलो. दुपारपर्यंत साठेक वेळा लावला असेल.

मधेच कामाचा फोन आला. अल वकराला एक साइट बंद पडली होती. एसी गेला होता आणि पेटीतलं तापमान चढल्यामुळे उपकरणांनी मान टाकली होती. आमची भीती पाण्याची नसते, उन्हाची असते. दोन तासांत एसी बदलला, साइट चालू झाली, अल वकरातल्या कुठल्या कुठल्या घरांतले फोन पुन्हा वाजू लागले. गाडीत बसलो आणि वाटलं, चिपळुणात या क्षणी माझ्यासारखाच कुणीतरी चिखलातून डिझेलचे कॅन ओढत असेल. त्याची स्वतःची आई कुठे असेल?

घरी जाताना सामान घ्यायला मॉलमध्ये थांबलो. दारावर नेहमीप्रमाणे एहतेराझ दाखवायचं होतं. आठवतंय ना? मे २०२० पासून ते प्रत्येकाच्या फोनवर सक्तीचं होतं. ब्लूटूथ चालू ठेवायचं, मग आपला फोन आजूबाजूच्या प्रत्येक फोनशी गुपचूप ओळख करून घ्यायचा, कोण किती जवळून गेलं याची नोंद ठेवायचा. हिरवा रंग दाखवून मी आत गेलो. माझा फोन ओळीतल्या अनोळखी माणसांना बिनचूक ओळखत होता, कारण ब्लूटूथला मनोरा लागत नाही, दहा-वीस पावलांतला दुसरा फोन पुरतो. आईपर्यंत पोचायला मात्र समुद्राखालची केबल, मुंबईचं एक्स्चेंज आणि शेवटी चिपळूणचा एक भिजलेला मनोरा लागत होता. त्यातलं शेवटचं तेवढंच नव्हतं.

दारात माझा मल्याळी सहकारी भेटला. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या पुरात त्याचं घर बुडालं होतं. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "भाई, कॉल मत कर. एसएमएस डाल. तू खुद नेटवर्कवाला है ना?"

खरंच की. मला लाज वाटली. आम्ही हे प्रशिक्षणात शिकतो आणि स्वतःवर वेळ आली की विसरतो. कॉलला दोन्ही टोकं एकाच वेळी जागी लागतात आणि सलग वाट मोकळी लागते. एसएमएस पत्रासारखा असतो. तो आधी कंपनीच्या एसएमएस केंद्रात जाऊन पडतो. समोरचा फोन बंद असेल तर वहीत खूण केली जाते, की या नंबरचा निरोप आलेला आहे. फोन चालू होऊन मनोऱ्याला लागला रे लागला, की वही केंद्राला कळवते आणि निरोप सुटतो. इतका लहान निरोप, की जिथे बोलणं तुटतं तिथेही तो सरकून जातो. केंद्र तो कायम ठेवत नाही, पण एक-दोन दिवस सहसा ठेवतं. आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी रिपोर्ट' चालू केला असेल, तर पोचल्याची पावती आपल्याकडे येते.

भारतातल्या सिमवरून एसएमएस लिहिला. देवनागरीत एका एसएमएसमध्ये सत्तरच अक्षरं मावतात आणि आईच्या फोनवर त्यांचे चौकोन उमटतात, म्हणून रोमन लिपीत लिहिला. त्यात एकशे साठ मावतात. "आई, तू कुठे आहेस? हा मेसेज पोचला की मला आपोआप कळेल. फोन करायची गरज नाही. बॅटरी जपून वापर." एवढंच. पाठवला आणि फोन उशाशी ठेवला. त्या दिवशी महाड, खेडच्या दरडींच्या बातम्याही येऊ लागल्या होत्या. कोकण रेल्वे थांबली होती. हिनं टीव्ही बंद केला. आम्ही दोघंही जेवलो नाही.

शुक्रवारी, २३ तारखेला पहाटे पाच चाळीसला फोन थरथरला. इंग्रजीत एकच शब्द आणि आईचा नंबर. "डिलिव्हर्ड."

लगेच कॉल लावला. "बंद आहे."

हिनं विचारलं, "काय झालं?" मी रडत होतो, त्यामुळे सांगायला थोडा वेळ लागला. आई काही बोलली नव्हती. तिनं मेसेज वाचला की नाही हेही माहीत नव्हतं. पण वही सरकली होती. फोन कोरडा होता, त्यात चार्ज होता, कुणीतरी बटण दाबून तो चालू केला होता आणि पुन्हा बटण दाबून, रीतसर निरोप घेऊन, बंद केला होता. दोन मिनिटं वापरून फोन बंद करून ठेवणारी बाई मला एकच माहीत होती.

संध्याकाळी तिचा मिस्ड कॉल आला, आणि शनिवारी, गुरुपौर्णिमेच्या दिवशी, नीट बोलणं झालं.

"घाबरलास होय रे?"

पहाटे काकूंचा मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून तिला धरून त्यांच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेला होता. निघताना तिनं काय काय घेतलं? गोळ्या, वडिलांचा फोटो आणि फोन. फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळून, रबर लावून, मेतकुटाच्या स्टीलच्या डब्यात. नेटवर्कवाल्याची आई! बंद स्टीलच्या डब्यात रेडिओलहरी जवळपास शिरतच नाहीत. फोन चालू असता तरी त्याला मनोरा दिसला नसता.

"मग शुक्रवारी सकाळी चालू कशाला केलास?"

"किती वाजले ते बघायला. घड्याळ गेलं ना पाण्यात. बीपीची गोळी आठला घ्यायची असते."

गोळीची वेळ बघायला तिनं गच्चीच्या जिन्यात फोन चालू केला. तेवढ्या वेळात डोंगराच्या बाजूचा, पाणी न पोचलेला एखादा मनोरा त्या फोनला ऐकू आला असावा. ओळख पटली, वहीत नोंद झाली, माझा निरोप सुटला. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला कबूल करायला हवी. काकूंच्या घरातल्या चारही स्मार्टफोनच्या बॅटऱ्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत संपल्या होत्या. मनोरा नसला की फोन गप्प बसत नाही, तो शोधत राहतो. आणि लांबचा अंधुक मनोरा सापडलाच, तर तिथवर पोचायला जास्त ताकद लावून बोलतो. जिथे रेंज नाही तिथे बॅटरी लवकर संपते ती यामुळे. शुक्रवारी त्या अख्ख्या घरात जिवंत फोन एकच होता, रात्री दहाला विश्रांती घेणारा. सगळ्यांनी आपापल्या माणसांना त्याच फोनवरून कळवलं. मी इतकी वर्षं तिला जे शिकवत होतो ते तिनं ऐकलं असतं, तर ती पावती मला आली नसती.

त्या वर्षी प्रवासाचे नियम सारखे बदलत होते. मला जायला मिळालं ते दिवाळीत. घराच्या भिंतीवर २००५ च्या खुणेच्या हातभर वर चिखलाची नवी रेघ होती. आईनं त्या रेघेशी खडूनं तारीख लिहिली होती. पलंगावरचं सामान, वडिलांच्या वह्या, लग्नाचे अल्बम, सगळं गेलं होतं. त्याबद्दल ती फार बोलली नाही. मीही विचारलं नाही.

दुपारी ती लवंडली होती तेव्हा मी तिचा फोन हातात घेतला. मेसेजच्या पेटीत रिचार्जच्या जाहिराती साठल्या होत्या. मधे कुठेतरी माझा २२ जुलैचा मेसेज होता, न उघडलेला.

"आई, हा मी पाठवला होता. वाचलाच नाहीस."

"मेसेज कंपनीचेच असतात रे. मी नाही बघत."

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की आपल्या सगळ्यांचे आईवडील, सासूसासरे तिकडे आहेत. कुणाचे कोल्हापूर-सांगलीला नदीकाठी, कुणाचे कोकणात, कुणाचे मुंबईत सातव्या मजल्यावर लिफ्टच्या भरवशावर. या दिवाळीला गावी जाल तेव्हा अर्धा तास काढून हे करून या. त्यांच्या शेजाऱ्यांचे दोन-तीन नंबर घ्या, ते वेगवेगळ्या कंपन्यांचे असू द्या, कारण एका कंपनीचे मनोरे गेले तरी दुसरीचे असू शकतात. नंबर फोनमध्ये आणि कागदावरही लिहा. एक पॉवर बँक देऊन या आणि ती कशी चार्ज करायची ते दाखवा. तुमच्या फोनवर डिलिव्हरी रिपोर्ट चालू करा आणि एकदा करून बघा. संकटात कॉलवर कॉल लावू नका. उरलेल्या एखाद्या मनोऱ्यावर तेव्हा आधीच गर्दी असते. एक एसएमएस पाठवा आणि थांबा. आणि त्यांना सांगा, रेंज नसेल तेव्हा फोन बंद ठेवा, ठरल्या वेळी दहा मिनिटं चालू करा. हे शेवटचं मी माझ्या आईकडून शिकलो.

आमचा आता करार आहे. मृग लागला की जोराच्या पावसात ती सकाळी आठला आणि रात्री आठला दहा मिनिटं फोन चालू ठेवते. तिचे सकाळचे आठ म्हणजे माझे पहाटेचे साडेपाच. मी त्याआधीच एक एसएमएस पाठवून ठेवतो, "गोळी घेतलीस का?" आठ वाजून एक-दोन मिनिटांनी पावती येते. मग मी अंघोळीला जातो. मेसेज ती अजूनही वाचत नाही.